चिकटीची गादी

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या सख्ख्या मामांच्या गाद्यांच्या दुकानात घडली, आणि तीसुद्धा भर दुपारी.

मामांकडे दोन मांजरी. एक सरकार. तिचा तोरा काय विचारता! हात लावायला गेलं की फिस्स. दुसरी चिकटी. पायात घुटमळणार, नडगीवर डोकं घासणार, आणि पिंजलेला कापूस दिसला की डोळे मिटून पुढच्या पंजांनी तो मळत बसणार... घुर्रर्र, घुर्रर्र.

मामांच्या लेकीला लग्नानंतर खूप वर्षांनी दिवस गेले होते. मामा हरखून गेले. तिच्यासाठी स्वतः गादी भरायला बसले. आणि चिकटी नेमकी त्याच गादीच्या खोळीत शिरली.

"बाहेर ये, भवाने!"

येते कशाची! आतून घुरघुर चालूच.

मामांचं डोकं सटकलं. "राहा मग आतच!"

दाभण घेऊन त्यांनी खोळीचं तोंड शिवून टाकलं. जरा घाबरवायचं, एवढंच मनात होतं. आतलं ओरडणं ऐकून चक्क हसले. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मग जेवण. मग डुलकी...

जाग आली तेव्हा दुकान चिडीचूप होतं.

मामा धडपडत उठले. त्यांनी टाके उसवले. सगळा कापूस उपसला.

चिकटी नव्हती.

कापसात नुसता वेटोळ्याएवढा खड्डा... आणि तो गरम होता. खोळ आतून नखांनी ओरबाडलेली. बाहेर पडायला मात्र कुठेही फट नव्हती.

'निसटली असेल कशीतरी,' असं मामांनी स्वतःला समजावलं. खोळ बदलली, कापूस तोच भरला आणि गादी लेकीला दिली. तेव्हा कुणापाशी अवाक्षर काढलं नाही; मला सांगितलं तेही फार पुढे.

"बाबा, काय गादी केलीय!" लेक म्हणायची. "पाठीखाली कुणीतरी घुरघुरतंय असं वाटतं. पडल्या पडल्या झोप लागते."

मामा तोंडदेखलं हसायचे.

नातू झाला. इतकं गोड पोर, रडणं माहीतच नाही! आईच्या कुशीत डोळे मिटून इवल्या मुठींनी तिला मळत बसतं. कुणाला जवळ येऊ न देणारी सरकार त्याचं डोकं चाटते. असं ती फक्त चिकटीला चाटायची.

मामांनी त्याला पहिल्यांदा उचललं...

पोराचं तोंड उघडलं. आवाज नाही. श्वास नाही. बोटं हवेत ओरबाडायला लागली. ओठ निळे पडले.

लेकीने हिसकावून घेतलं, तसा श्वास परत आला.

पुढेही प्रत्येक वेळी तेच. डॉक्टर म्हणतात, पोर ठणठणीत आहे. ज्या नातवासाठी मामांचा जीव तुटत होता, त्याला आता त्यांनी हात लावायची सोय नाही.

परवा मी दुकानात बसलो होतो, मामा गादी शिवत होते. पोर रांगत आलं, मामांच्या नडगीवर डोकं घासलं आणि समोरच्या उघड्या खोळीत शिरलं. सरळ आतपर्यंत.

"अहो, बघताय काय? गुदमरेल ते! ओढा बाहेर!" मामी दारातून ओरडली.

मामांचा हात पुढे गेला... आणि तिथेच थांबला. आतून घुरघुर येत होती.

शेवटी मामीनेच धावत येऊन पाय धरून ओढून काढलं. मामा दाभण हातात धरून तसेच उभे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पोर त्यांच्याकडे बघून हसत होतं.

मला अजून त्या दुकानात पाय ठेववत नाही.