प्रतीक्षाचं मत

गुरुवारी संध्याकाळी सोपानला कुणी शोधत आलं, तर येडगावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं, की तो छपरावर असेल. खोडदच्या माळावर रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या उभ्या राहत होत्या तेव्हाचे हे दिवस. तिकडे म्हणे आकाशातल्या ताऱ्यांचं ऐकू येणार होतं आणि इकडे सोपानच्या टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड धड दिसत नव्हतं. मालिका लागायच्या जरा आधी तो शिडी लावून स्लॅबवर चढायचा, अँटेनाचा पाइप दोन्ही हातांनी धरायचा आणि ओरडायचा, "आलं का?"

त्याची बायको द्रौपदा आत टीव्हीसमोर. तिचा आवाज मुळात बारीक, तो वर कुठला पोचायला! म्हणून मध्ये खिडकीत त्यांची मुलगी, प्रतीक्षा. ती वर ओरडायची, "न्हाई, मुंग्याच हायेत... थोडं धरणाकडं फिरवा... गेलं, गेलं! मागं घ्या... आलं! आता हलवू नका."

धरणावरून वारं सुटलेलं असलं, की पाइप धरून तसंच उभं राहावं लागे. त्यामुळे सोपाननं ती मालिका पाहिली कमी आणि ऐकली जास्त. तो पाटबंधारे खात्यात नोकरीला होता, दिवसभर कालव्यावर उभं राहायची सवय होतीच.

मालिका सुलभा नावाच्या एका सुनेची होती. ती पुरात वाहून जाते, घरचे ती मेली असं धरून चालतात आणि ती दूर कुठल्या तरी गावात जिवंत असते. बघायला वस्तीतल्या बायका जमत. बांगड्या विकणारी शेजारीण हाजराबी सगळ्यांच्या आधी येऊन बसे. भाग संपला तरी कुणी उठत नसे, कारण खरा कार्यक्रम त्यानंतर असायचा. प्रतीक्षा खिडकीच्या कट्ट्यावर बसून आपलं मत द्यायची.

"पुरात वाहून गेली बाई, आन केस बघा! आत्ता तेल लावून इंचरल्यासारखे."

"ती थोरली जाऊ वाईट न्हाई. तिला घरात कुणी इचारतच न्हाई, म्हणून ती आशी झालीया."

द्रौपदा लगेच सुलभाची बाजू घेऊन भांडायची. मायलेकींची अशी जुंपायची, की बायकांची हसून मुरकुंडी वळे. मग प्रतीक्षा वर तोंड करून विचारायची, "आबा, तुमचं काय मत?"

"माझं काम वरचं," सोपान म्हणायचा. "खालचं तुमचं तुमी बघा."

श्रावणात प्रतीक्षाला कावीळ झाली. आधी नारायणगाव, मग जुन्नर, मग पुणे. पुण्याहून ती गाडीतून परत आली, पण पांढऱ्या चादरीत. अकरावीत होती पोरगी. सोपान त्या दिवशी रडला नाही. पुण्यानुमोदनाला आलेल्या माणसांना बसायला सतरंज्या कमी पडल्या, तर शेजारून आणून त्यानं स्वतः घातल्या.

छप्पन साली सोपानच्या वडिलांनी धम्म घेतला, तेव्हापासून त्या घरात देवऋषी, अंगारा, भूतखेत सगळं बंद होतं. सोपाननं ते नुसतं पाळलं नव्हतं, त्याला ते मनापासून पटलेलं होतं. कालव्यावर हडळ दिसते अशी एकदा आवई उठली, तेव्हा हाच गडी चार जणांना घेऊन गेला आणि बाभळीला अडकलेला खताच्या गोणीचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. मेलेलं माणूस मेलं, असं तो म्हणे. आता स्वतःच्या लेकीबद्दल तेच म्हणताना त्याच्या काळजाचं पाणी होत होतं, पण म्हणणं बदललं नव्हतं.

टीव्हीवर दिवाळीपर्यंत कापड होतं. द्रौपदा बोलत नव्हती, दोन घासांवर ताट सारत होती. मग एका गुरुवारी तिनं आपण होऊन कापड काढलं. सोपानला इतकं बरं वाटलं, की तो तसाच अनवाणी छपरावर पळाला.

भाग संपल्यावर द्रौपदा म्हणाली, "सुलभाच्या नवऱ्यानं दुसरं लगीन केलं. मला न्हाई पटलं. पर प्रतीक्षा म्हणती, बरोबर केलं. कवर रडत बसंल?"

लेक गेलेली आई आहे, दोघींचंही आपणच बोलते, बोलू दे, असं सोपाननं धरलं. मत मात्र द्रौपदाचं नव्हतं. द्रौपदानं जन्मात असं मत दिलं नसतं.

त्यानंतरच्याच एका गुरुवारी गावाची विजेची डीपी जळाली. येडगावात कुणालाच मालिका दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता द्रौपदा सांगू लागली, की सुलभाला सगळं आठवलं, ती घरापर्यंत आली, नवी बायको तिचंच हिरवं लुगडं नेसून अंगणात उभी होती, ते बघून ती फाटकातूनच माघारी फिरली. "लई बरं केलं म्हणती प्रतीक्षा. मी तर रडलेच."

ऑफिसात नारायणगावहून येणारा भगवंत कारकून मालिकांचा शौकीन होता. चहा पिता पिता त्यानं सोपानला कालची गोष्ट सांगितली. हिरवं लुगडं, फाटक, सगळं तेच. सोपानचा चहा तसाच राहिला. कुणीतरी सांगितलं असेल तिला, असं तो दिवसभर मनाशी म्हणत होता. घरी येताना त्यानं हाजराबीला विचारलं.

हाजराबी बांगड्यांची पेटी बांधत होती. "मी न्हाई सांगितलं, भाऊ. मी तर येतच न्हाई आता तुमच्याकडं."

"का गं?"

"खिडकीपाशी बसले तर वहिनी म्हणतात, सरका, तिथं ती हाय." तिनं गाठ मारली, सोडली, परत मारली. "आन भाऊ, खरं सांगू? तिथं बसलं की अंगाला अंग लागतं."

पौषात वाऱ्यानं अँटेना फिरली. सोपान वर गेला, पाइप धरला आणि जुन्या सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "आलं का?"

"न्हाई. मुंग्या हायेत," खिडकीतून उत्तर आलं. "थोडं धरणाकडं... अजून... आलं! आता हलवू नका."

त्यानं हात थांबवले. आपण कुणाचं ऐकून थांबलो, हे त्याला जरा वेळानं कळलं. तो उतरून आत आला तर खिडकीला आतून कडी होती. द्रौपदा टीव्हीसमोर बसली होती आणि चित्र स्वच्छ दिसत होतं.

"तू खिडकीत आली व्हतीस?"

"मी कशाला येऊ? ती व्हती की."

सोपानला खरं तर भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, आणि त्या आनंदाची त्याला लाज वाटली. तो कुणाला काही बोलला नाही. पुढच्या गुरुवारी मात्र चारलाच कालव्यावरून निघाला आणि ऊन उतरायच्या आत छपरावर जाऊन बसला. त्याच्यापुढच्या गुरुवारीही.

या सगळ्यात द्रौपदाचं काय होत होतं, ते त्याला दिसत नव्हतं असं नाही. ती फक्त गुरुवारी उठायची. केस विंचरायची, बोलायची, हसायचीसुद्धा. बाकीचा आठवडा भिंतीकडे तोंड करून पडून असायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे जात होत्या. जुन्नरच्या डॉक्टरनं सोपानला बाजूला घेऊन सांगितलं, "यांनी खाल्लं नाही तर उन्हाळा निघायचा नाही. आणि तो टीव्ही आधी बंद करा." लोणीहून द्रौपदाचा भाऊ सयाजी आला. तो म्हणाला, "दाजी, अक्काला मी लोणीला नेतो. हितं ती झुरून मरंल, आन तुमी नुसतं बघत ऱ्हाल."

"परवा गुरुवार हाय," द्रौपदा भिंतीकडे बघत म्हणाली. "मी न्हाई येत."

सयाजीचं बोलणं सोपानला लागलं, कारण ते खरं होतं. मालिकेचा शेवटचा भाग पुढच्या गुरुवारी आहे, असं टीव्हीवर सांगितलं तेव्हा त्यानं ठरवलं. तो भाग या घरात दिसू द्यायचा नाही. अँटेना उतरवायची, आणि शुक्रवारी द्रौपदाला लोणीला पोचवायचं. लेक गेली, आता बायको तरी वाचली पाहिजे.

गुरुवारी तो पाना घेऊन वर चढला. धरणाच्या पाण्यावर शेवटचं ऊन होतं. त्यानं आधी वायर उपटून स्लॅबवर टाकली. मग बोल्ट सोडले आणि पाइपासकट अँटेना उचलून हातात घेतली. हलकी होती. इतक्या वर्षांत त्यानं ती कधी उचललीच नव्हती.

"आबा, आलं," खिडकीतून आवाज आला. "आज लई स्वच्छ आलं."

त्यानं खाली पाहिलं. वायर त्याच्या पायाशी पडली होती.

"आता हलवू नका."

तो हलला नाही.

खालून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू आलं. मग माणसं बोलू लागली. सुलभा पावसात घरी आली होती. फाटकाची कडी वाजली. नवरा बाहेर आला, त्याच्यामागून नवी बायको, तिच्या कडेवरचं मूल रडत होतं. नुसता पाऊस वाजत राहिला, आणि मालिका तिथंच संपली. सुलभा आत गेली की माघारी फिरली, ते दाखवलंच नाही.

सोपानच्या खांद्यांतून कळा येत होत्या.

"आत गेली आसंल," द्रौपदाचा आवाज आला, बारीक, पण आज वरपर्यंत पोचला. "आपल्याच घरात जायाला काय झालं?"

"जाऊ ने तिनं. ती आत गेली तर त्या घरात कुणी जगायचंच न्हाई, आई. समदी तिच्याकडंच बघत बसतील."

"बसंनात का!"

"तुझं आपलं कायतरीच." मग तोच आवाज वर वळला. "आबा, आई एक म्हणती, मी एक. आता तुमी सांगा. तिनं घरात यावं का न्हाई?"

उत्तर त्याला माहीत होतं. एक शब्द होता. तो म्हटला असता तर उद्या द्रौपदा लोणीला गेली असती, भावाच्या घरी चार घास जेवली असती, उन्हाळा निघाला असता. खिडकीतली तीही तोच शब्द मागत होती, हे त्याला कळत होतं.

त्यानं तोंड उघडलं.

"यावं," सोपान म्हणाला. "यावं, बाळा."

मग आत द्रौपदा ताटं मांडू लागल्याचा आवाज आला, एक, दोन, तीन.

सोपान दोन्ही हातांत अँटेना धरून तसाच उभा होता. तेवढ्यात शिडीची खालची पायरी वाजली, आणि मग दुसरी.