दोन बाजूंनी एकच घाट

मे महिन्यातली दुपार होती. स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या आमच्या कूर गावात त्या दिवशी पाऊस असा आडवा येत होता, की छत्री उघडणाऱ्याचंच हसू व्हावं. टेलिफोन एक्स्चेंजमधली माझी पाळी नुकतीच संपली होती आणि घाटरस्त्यांचा नवाकोरा नकाशा कोटाच्या आत छातीशी धरून मी पळत होते. तरी व्हायचं ते झालंच. कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरून नकाशा बाहेर काढला, तर आल्प्सचा सगळा दक्षिण उतार माझ्या हातात लदबदलेला!

“अरेरे... इटली बुडाली की!”

मी वर पाहिलं. गल्ल्यामागे एक उंच, जरासा वाकून उभा राहणारा मुलगा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, एका भुवईवर पीठ.

“हसायला काय झालं?” मी फणकारले.

“हसत नाहीये. माझा चेहराच असा आहे. द्या इकडे, भट्टीच्या माथ्यावर पसरून ठेवतो. उद्यापर्यंत वाळेल.”

“आणि जळला तर?”

“तर तुमची सहल आमच्या बेकरीपर्यंतच. कॉफी माझ्याकडून.”

मी नकाशा दिला. का दिला, कोण जाणे! घरी जाताना पाऊस तसाच होता, पण मी पळाले मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी गेले, तर नकाशा वाळला होता खरा, पण सगळा चुरगळून फुगला होता. सपाट कागदावर खरेखुरे डोंगर उभे राहिले होते आणि त्यांना भाजलेल्या साखरेचा नि अक्रोडाचा वास येत होता. आणि हा मुलगा – फ्लुरिन त्याचं नाव – टेबलापलीकडून त्याच नकाशावर बोट फिरवत बसला होता.

“माझ्या नकाशावर तुमचं काय काम?”

“चोरून सहल आखतोय. या जुलैत आमची भट्टी बदलायची आहे, म्हणून दुकान बंद. माझ्या आईच्या आयुष्यातली पहिली सुट्टी! वडील होते तोवर तर शक्यच नव्हतं. ओबरआल्पचा घाट चढायचा, मग गोटहार्डचा, खाली बेलिन्झोना, तिथलं मोठं तळं... आणि सान बर्नार्दिनोच्या घाटानं घरी.”

“उलटं आहे हे. आधी सान बर्नार्दिनो, मग तळं, मग गोटहार्ड.”

“उलटं तुमचं आहे.”

“माझी आई घाटापलीकडची होती. आम्ही नेहमी असंच जायचो.”

‘होती’ हा शब्द त्यानं बरोबर ऐकला. काही विचारलं नाही. आत जाऊन अक्रोडाच्या केकचा एक मोडका तुकडा आणून माझ्यापुढे ठेवला नि म्हणाला, “घ्या. अख्खा विकायचा असतो, मोडका माणसांना द्यायचा असतो.”

आई जाऊन दोन हिवाळे झाले होते. तेव्हापासून आमची करडी गाडी शेडमध्ये चादरीखाली होती. बाबा रेल्वेच्या कारखान्यात जायचे, यायचे, सूप प्यायचे, झोपायचे. आईचं नाव घरात निघत नसे. घाटापलीकडे सोआत्सा गावात राहणारी देल्फिना मावशी प्रत्येक सणाला बोलवायची आणि बाबा प्रत्येक सणाला काहीतरी कारण काढायचे. या वर्षी मी ठरवलं होतं, न्यायचंच यांना. म्हणून तर तो नकाशा.

एका संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. “बाबा, जुलैत मावशीकडे जाऊ या?”

“गाडी चालत नाही.”

“चालवली तर चालेल ना!” माझी धाकटी बहीण मेंगा म्हणाली. पंधरा वर्षांची होती ती आणि जीभ तिची कात्रीसारखी. पण मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. “मावशीच्या दाराचा रंग मला आठवत नाही, बाबा. आईबरोबर एवढ्यांदा गेलो... आणि आठवतच नाही.”

बाबांनी चमचा खाली ठेवला आणि उठून गेले. मी टेबलाखालून मेंगाच्या पायावर एक लाथ दिली. पण सकाळी जाग आली ती खडखडाटानं. शेडमध्ये चादर बाजूला पडली होती आणि गाडीखालून बाबांचे फक्त बूट दिसत होते.

“उर्सीना,” आतून आवाज आला, “तो पाना दे तेवढा.”

त्या दिवशी मी बेकरीत गेले ती जवळजवळ नाचतच. फ्लुरिननं पिठाच्या हातानं माझा हात धरला, मग एकदम सोडला, आणि माझ्या काळ्या हातमोज्यावर पाच पांढरी बोटं उमटली. ती मी घरी जाईपर्यंत झटकली नाहीत.

मग काय, जून सगळा त्या टेबलाशीच गेला. तो आपल्या बाजूनं पेन्सिल चालवायचा, मी माझ्या. कुठे थांबायचं, कुठल्या गावात मासे चांगले मिळतात, त्याच्या आईला वळणावळणाच्या रस्त्यावर मळमळेल का, मेंगाला गाडीत पुढे बसवावं की मागे... एवढ्याशा सहलीबद्दल इतकं बोलण्यासारखं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तेही कळलं नाही. त्यालाच आधी कळलं असावं, कारण एकदा मी “अरे, ऐक ना” म्हटल्यावर तो कॉफी ओततच राहिला, बशी भरेपर्यंत.

एका गोष्टीवर मात्र आम्ही दोघंही हटलो नाही. तो म्हणे ओबरआल्पकडून, मी म्हणे सान बर्नार्दिनोकडून.

“हट्टी आहेस,” तो म्हणाला.

“आणि तू?”

“मीही. म्हणून बघ काय होतंय.” त्यानं त्याची रेघ पुढे ओढली, मी माझी ओढली. दोन्ही रेघा सान बर्नार्दिनोच्या माथ्यावर, तिथल्या छोट्या तळ्यापाशी येऊन भिडल्या. आमची बोटंही. “आम्ही आधी निघू. गुरुवारी दुपारी तुम्ही उत्तरेकडून चढा, आम्ही दक्षिणेकडून. वर खाणावळ आहे. तिथे... योगायोगानं भेटू.”

“योगायोगानं!”

“आणि तिथे तुला एक गोष्ट सांगायची आहे.”

“आत्ताच सांग.”

“इथे नाही.” तो हसला नाही. पहिल्यांदाच त्याचा चेहरा तसा नव्हता. “इथे सांगितली, तर तू उठून जाशील.”

त्यानंतरच्या रात्री मी कशा काढल्या, माझं मला माहीत. मेंगानं तर विचारून विचारून जीव खाल्ला.

आता त्या डोंगराखालून बोगदा आहे. माणसं एका बाजूनं शिरतात, गाणं संपायच्या आत दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतात. वर हवा कशी आहे, हे त्यांना विचारावंच लागत नाही. तेव्हा विचारावं लागायचं. गुरुवारी आम्ही निघालो, तेव्हा कूरमध्ये नुसता भुरभुर पाऊस होता. थूसिस गावाच्या पुढे गारठा वाढला. बाबांनी गाडीतला गरम हवेचा पंखा चालू केला, तर त्यातून आईच्या जुन्या रुमालाचा वास आला असं मला वाटलं. बाबांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी तो बंद केला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू केला.

हिंटरराइन गावाशी रस्त्यावर आडवा दांडा टाकलेला होता.

“घाट बंद,” रस्त्यावरचा माणूस म्हणाला. “वर बर्फ पडलंय. उद्यापर्यंत गाडी सोडणार नाही.”

जुलै महिना, आणि बर्फ! समोर डोंगर अर्ध्यापासून वर पांढरा होता.

“मग उद्या जाऊ,” बाबा म्हणाले. “इथेच खोली घेऊ.”

मी काच पुसून वर डोंगराकडे बघत राहिले. पण मेंगा गप्प बसेल तर ती मेंगा कसली!

“हिला आजच जायचंय, बाबा. वर हिची कुणीतरी वाट बघतंय.”

“मेंगा!”

“कोण?” बाबांनी विचारलं.

माझे कान तापले. “बेकरीवाल्यांचा... फ्लुरिन.”

“डेरुंग्स बेकरीवाल्यांचा?” बाबांनी गाडी बंद केली. बराच वेळ काचेवरून ओघळणारं पाणी बघत राहिले. “त्याचा बाप चांगला माणूस होता. पाव मात्र जरा करपवायचा.” मग म्हणाले, “पोरगा येईल का पण, एवढ्या बर्फातून?”

“माहीत नाही.”

“मी आलो होतो.”

मेंगानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुमच्या आईचा निरोप आला होता, घरचे दुसरीकडे ठरवताहेत म्हणून. जूनचा महिना, आणि वर मांडीएवढं बर्फ. खेचरांच्या जुन्या वाटेनं गेलो मी. सोआत्सात पोचलो, तर बाई दारातच उभी! म्हणते कशी – एवढा उशीर?” बाबा हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग त्यांनी दार उघडलं. “बूट घाल, उर्सीना. दांडा गाड्यांना आहे. माणसांना नाही.”

आम्ही तिघं चढलो. आधी ओलं गवत, मग चिखल, मग घोट्याएवढं मऊ बर्फ. त्यातून जांभळी रानफुलं मान वर काढून उभी होती. बाबा पुढे, काठीनं वाट चाचपत, आणि मध्येच थांबून सांगत होते: इथे मी घसरलो होतो, इथे आई एकदा रुसून बसली होती... त्या वाटेवर मला माझी आई अशी भेटत गेली, जशी मी तिला कधी पाहिलीच नव्हती. तरुण, रागीट आणि बाबांच्या प्रेमात पडलेली.

माथ्यावर पांढऱ्या बर्फात ते तळं शाईसारखं काळं दिसत होतं. खाणावळीत शेकोटी पेटलेली होती. पण आत कुणी नव्हतं.

आम्ही सूप मागवलं. मी खिडकीशी बसले. दक्षिणेकडे नुसतं धुकं. सूप निवलं. मेंगानंही चिडवायचं थांबवलं, आणि त्यानंच मला जास्त रडू यायला लागलं.

“थांबू अजून,” बाबा म्हणाले.

आणि मग धुक्यात दोन आकृत्या दिसल्या. एक उंच, वाकलेली. दुसरी छोटी, गोल, डोक्यावरून लाल घोंगडी घेतलेली, आणि चालता चालता सारखी बडबडणारी.

“हा म्हणाला, थोडीशी चढण आहे!” दार उघडताच त्याची आई ओरडली. “थोडीशी! खोटारडा मेला! आयुष्यात पहिली सुट्टी, आणि ती गुडघाभर बर्फात!” पण तिचे गाल लालबुंद होते आणि डोळे नुसते चमकत होते. बाबांनी उठून तिला शेकोटीजवळची खुर्ची दिली. “बसा वहिनी. तुमच्या मुलाच्या पायात जोर दिसतोय.”

फ्लुरिन माझ्याकडे बघत होता. पापण्यांवर बर्फ. “तू आलीस...”

“तूही.”

आम्ही तळ्याकाठी गेलो. तो कितीतरी वेळ बुटानं बर्फ उकरत राहिला.

“मला इटलीत, ट्रिएस्टला कामाला बोलावलंय,” शेवटी तो म्हणाला. “फार मोठं दुकान आहे. सप्टेंबरपासून... दोन वर्षं.”

वारा एकदम बोचला. “हीच का ती गोष्ट?”

“अर्धी.”

“आणि उरलेली?”

“उरलेली ही, की आधी मी दिवस मोजत होतो. मे महिन्यापासून मला जायचंच नाहीये.” त्यानं वर पाहिलं. “तू नको म्हण, उर्सीना. मी नाही जाणार.”

जिभेवर आलं होतं ते ‘नको’. खिडकीतून त्याची आई दिसत होती, घोंगडी बाजूला टाकून हातवारे करत बाबांना काहीतरी सांगणारी. एवढी वर्षं एका भट्टीपुढे उभी राहिलेली बाई. आता त्यालाही मी तिथेच खिळवून ठेवायचं?

“वेडा आहेस का?” मी म्हटलं. “जा.”

“आणि तू?”

“मी टेलिफोनवर बसते, विसरलास? ट्रिएस्टची लाइन आमच्याच टेबलावरून जाते.”

तो बघतच राहिला. “रोज?”

“रविवार सोडून.”

“मग रविवारी मी काय करायचं?”

“माझी आठवण काढायची. तेवढं तरी कर.”

“म्हणजे... हो?”

“तू विचारलंयस कुठे अजून?”

मग त्यानं विचारलं. नीट, अडखळत, माझे दोन्ही हात धरून. आणि मी हो म्हटलं, ते खाणावळीपर्यंत ऐकू गेलं, असं मेंगा आजही सांगते.

दोन वर्षं गेली. सोपी नव्हती, पण गेली. तो परतला त्या शरद ऋतूत सोआत्साच्या चर्चमध्ये आमचं लग्न झालं. फ्लुरिनला जाऊनही आता काही वर्षं झालीत. पण डोळे मिटले की मला लग्नाचा दिवस आठवत नाही. आठवते ती त्या गुरुवारची संध्याकाळ.

आमची गाडी उत्तरेला होती, त्यांची व्हॅन दक्षिणेला. अंधार व्हायच्या आत उतरायला हवं होतं. बाबा दारात उभे राहून दोन्हीकडे बघत होते.

“वहिनी,” ते म्हणाले, “हिला आज मावशीकडे सोडाल? आम्ही दोघं घाट उघडला की येतोच. देल्फिना वाट बघत असेल.”

“बाबा, मी तुमच्याबरोबर...”

“जा गं.” त्यांनी माझ्या गळ्याभोवतीचा रुमाल घट्ट केला, लहानपणी करायचे तसा. मग फ्लुरिनकडे वळून म्हणाले, “खाली उतरताना डावीकडून चल. उजवीकडे खडक निसरडा आहे.”

फ्लुरिननं नुसती मान डोलावली आणि माझा हात हातात घेतला.

आम्ही दक्षिणेकडे निघालो. पहिल्या वळणावर मी मागे पाहिलं. मेंगा दोन्ही हात हलवत होती. बाबा तिच्या शेजारी, टोपी हातात घेऊन, उघड्या डोक्यानं उभे होते. मग त्यांनी टोपी घातली, मेंगाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते आपल्या बाजूनं उतरायला लागले.