हेझलबँकची वर्दी

मंगळवारी सकाळी दाराच्या फटीतून टपाल आत पडलं, तेव्हा तसव्वुर हुसेन आईला औषध पाजत होता. रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीला लागून आईचा, बेजींचा, पलंग होता. दोन वर्षं झाली, त्या जिना चढल्या नव्हत्या. एका हाताने त्यांची मान सावरून त्याने चमचा रिकामा केला, ओठ पुसले आणि मग पायपुसण्यावर पडलेली पाकिटं उचलली. एकात पार्किंग कंपनीची दंडाची नोटीस होती.

हेझलबँक वृद्धाश्रमाचं आवार. चौदा नोव्हेंबर. गाडी आत आली तीन बारा, बाहेर पडली तीन त्रेपन्न. परवानगीविना एकेचाळीस मिनिटं उभी.

"परवानगी कसली? वर्दीवर गेलो होतो मी," तो बायकोला म्हणाला.

रोबिना पीठ मळत होती. "मग तसं लिहून कळवा ना. गप्प बसून भरत बसू नका."

तसव्वुर बावीस वर्षं ब्रॅडफर्डमध्ये वर्दीची गाडी चालवत होता. ऑफिसातून वर्दी यायची, पत्त्यावर जायचं, नाव विचारून माणूस बसवायचा, सांगितल्या जागी उतरवायचा. रस्त्यात कुणी हात केला तरी थांबायचं नाही. नोंद नसलेला माणूस गाडीत आढळला की विमा गेला, आणि कौन्सिलला कळलं तर गळ्यातला परवान्याचा बिल्लाही गेला. बावीस वर्षांत त्याने हा नियम एकदाही मोडला नव्हता.

तो दिवस त्याला चांगला आठवत होता. दुपारी घरी जेवून, बेजींचं सगळं आटोपून तो गाडीत बसला आणि लगेच वर्दी आली. हेझलबँक, मिसेस हॉलरॉइड. शहर संपून माळ सुरू होतो तिथे, एका टोकाला ती काळवंडलेल्या दगडाची इमारत उभी आहे. त्या दिवशी माळावरून धुकं उतरलं होतं. इतकं दाट, की इंजिन बंद केल्यावर स्वतःचा श्वाससुद्धा कापसात गुंडाळल्यासारखा वाटत होता. म्हाताऱ्या बाईला चालायला नको म्हणून त्याने गाडी अगदी दाराशी लावली. बाई आली नाही. घंटी वाजवली, कुणी दार उघडलं नाही. फक्त दाराच्या धुरकट काचेमागून माणसं घाईघाईने इकडून तिकडे जाताना दिसत होती. ऑफिसने सांगितलं, जरा थांब, त्यांचं नेहमीचं खातं आहे. तो थांबला. शेवटी 'प्रवासी आला नाही' अशी नोंद करून रिकामा निघाला.

हेच सगळं त्याने अपिलात लिहिलं. लिहून दिलं ते बशारतने. टॅक्सी ऑफिस बशारतचं होतं, आणि दोघांची गावं मीरपूरकडची, एका ओढ्याच्या दोन काठांवरची.

"इंग्रजी माझं, सही तुझी," बशारत म्हणाला. "जिंकलास तर अर्धी बिर्याणी माझी."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अपील नामंजूर. चालकाने दिलेली माहिती खरी नाही, प्रवासी आला नाही हे त्याचं म्हणणं सोबतच्या छायाचित्राशी जुळत नाही.

छायाचित्र बाहेर पडतानाचं होतं, फाटकावरच्या कॅमेऱ्याने समोरून टिपलेलं. गाडीचा नंबर, वेळ, काचेमागे तसव्वुरचा दमलेला चेहरा. आणि त्याच्या डाव्या खांद्याच्या मागे, मागच्या सीटवर, एक म्हातारी. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, लोकरी टोपी, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. ती बाजूच्या काचेतून बाहेर पाहत होती. खूप दिवसांनी कुठेतरी निघालेलं माणूस पाहतं तशी.

तसव्वुरने फोटो आधी लांब धरला, मग खिडकीशी नेला. मग खुर्चीत बसला.

संध्याकाळी बशारतने ऑफिसचं दार लावून घेतलं. त्याच्या बोलण्यात आज थट्टा नव्हती.

"खरं सांग, तसव्वुर. बाईला बसवलंस आणि नोंद केली नाहीस?"

"कुराणावर हात ठेवून सांगतो, मी रिकामा निघालो."

"मग ही कोण आहे?"

"मला नाही माहीत."

बशारतने फोटो पालथा घातला. तो सुलटा ठेवायला त्याला नकोसं वाटत असावं. "हे बघ, भाई. नोंदीत लिहिलंय प्रवासी नाही, आणि फोटोत प्रवासी आहे. उद्या कौन्सिलने हे माझ्यापुढे धरलं तर माझं ऑफिस बंद होईल. मला कळवावं लागेल. शुक्रवारपर्यंत थांबतो. तेवढ्यात कुठून तरी एखादा कागद आण."

बिल्ला गेला तर बावन्नाव्या वर्षी दुसरं काय करणार, हे तसव्वुरने मनातल्या मनातही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो हेझलबँकला गेला. डिसेंबरचे दिवस. साडेतीनलाच उजेड विझत आला होता. या खेपेला त्याने गाडी फाटकाबाहेर ठेवली आणि चालत आत गेला. पायांखाली ओली पानं होती, पण त्यांचा आवाज येत नव्हता.

दार एका जाडसर, पांढऱ्या केसांच्या बाईने उघडलं. लॉरेन, छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. आत उकडलेल्या कोबीचा आणि फिनेलचा वास कोंडला होता. दाराजवळच एक उंच पाठीची खुर्ची होती. ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

"पार्किंगचं असेल तर त्यांनाच फोन कर, लव्ह. आमचा काही संबंध नाही. आमच्या डॉक्टरलासुद्धा दंड लावलाय त्यांनी."

"एवढाच फोटो बघा. ही बाई तुमच्याकडची आहे का?"

लॉरेनने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.  कुठेतरी आत टीव्हीवर लोक हसत होते.

"हा कुठून आणलास तू?"

"गाडी माझी आहे."

"ही विनी आहे... विनिफ्रेड हॉलरॉइड." तिने वेळेवर बोट ठेवलं, ते काढलं, पुन्हा ठेवलं. "तीन त्रेपन्न? नाही रे. नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी गेली ती. इथे, या खुर्चीत. कोट घालून तुझी वाट बघत बसली होती. मी चहा आणायला वळले तेवढ्यात..."



"तू घंटी वाजवलीस ती ऐकली मी," लॉरेन हळू आवाजात म्हणाली. "उघडायला कोण येणार? आम्ही सगळे तिच्यापाशीच होतो. साडेतीनला तिला वर नेलं. टोपी मी काढली, तोंड मी पुसलं. तू निघालास तेव्हा मी तिचा हात धरून बसले होते. न्यायला माणसं आली ती सात वाजता."

"ती जाणार कुठे होती?"

"घरी. हार्पर स्ट्रीट, नऊ नंबर. घर विकून चार वर्षं झाली. पण दर गुरुवारी फोन करून गाडी मागवायची, आणि आम्ही मागून फोन करून रद्द करायचो. त्या दिवशी मला वाटलं, येऊ दे गाडी. एक चक्कर मारून आणू हिला. घर बाहेरून बघेल, तेवढाच जिवाला विरंगुळा."

तिने खुर्चीकडे पाहिलं नाही. आत जाऊन ती आश्रमाच्या कागदावर चार ओळी लिहून आली. चौदा नोव्हेंबरला दुपारी इथली कुणीही व्यक्ती टॅक्सीने बाहेर गेली नाही.

"खरंच आहे ना हे?" कागद देताना तिने विचारलं.  तसव्वुरने कागद घडी करून खिशात घातला.

गाडीत बसून त्याने किल्ली लावली. काच आतून धुरकटली होती. मागे पाहायचं नाही असं ठरवूनसुद्धा आरशात त्याची नजर गेलीच. सीट रिकामी होती. आणि तेव्हा त्याच्या मनात ती गोष्ट आली. त्या दिवशी बाई बसली होती, तर ती उतरली कुठे? हेझलबँकहून निघून त्याने शाळेतली तीन मुलं घरी सोडली होती. स्टेशनवरून एक बाई आणि तिची बॅग आणली होती. मग घर. त्यानंतर रोज हीच गाडी, हीच सीट. लोक बसले होते, उठले होते, फोनवर बोलले होते. तिला मात्र कुणी म्हणालं नव्हतं की तुमचं ठिकाण आलं.

त्याने गाडी हार्पर स्ट्रीटला घेतली. नऊ नंबरच्या खिडकीत आता दुसऱ्याच कुणाचे पडदे होते, मागे एक बाई तान्ह्या मुलाला खांद्यावर घेऊन फिरत होती. तसव्वुर उतरला. मागचं दार त्याने पूर्ण उघडून धरलं, जसं तो कुठल्याही म्हाताऱ्या माणसासाठी धरत असे.

"घर आलं तुमचं," तो म्हणाला. "सावकाश उतरा. पायरी ओली आहे."

म्हाताऱ्या माणसाला उतरायला लागतो तेवढा वेळ तो पावसात उभा राहिला. मग त्याहून थोडा जास्त. ओठांत फातेहा पुटपुटला आणि दार लोटलं. परतीच्या वाटेवर त्याला कितीतरी दिवसांनी रडू आलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

लॉरेनच्या कागदावर बशारतचं समाधान झालं. तोच कागद जोडून त्याने वरचं अपील केलं, वर दम भरल्यासारखं लिहिलं की तुमच्याकडची सगळी छायाचित्रं पाठवा. जानेवारीत निकाल आला. अपील मंजूर, दंड रद्द. काचेवरचं प्रतिबिंब प्रवासी म्हणून धरता येत नाही, असं पंचाने लिहिलं होतं.

"बिर्याणी," बशारत म्हणाला आणि पाकिटातली बाकीची छायाचित्रं टेबलावर पसरली. चाकं, फलक, नंबर. हसत हसत तो एकावर थांबला. त्याचं हसू हळूहळू ओसरलं. "अरे... तू जाताना कुणाला घेऊन गेला होतास?"

"कुणाला नाही. जेवून घरातून थेट तिकडेच गेलो."

बशारतने फोटो त्याच्यासमोर सरकवला.

तो आत शिरतानाचा होता. तीन बारा. काचेमागे तसव्वुर. आणि मागच्या सीटच्या मधोमध एक उंच माणूस, पुढे झुकलेला. त्याचा चेहरा तसव्वुरच्या कानाशी इतका जवळ होता की दोघांच्या मध्ये अंधाराची एक रेघ तेवढी होती. रस्ता सांगतो आहे असं वाटावं, तसा. डोळे दिसत नव्हते. एक हात तसव्वुरच्या खांद्यावर होता. लांब, फिकट बोटं, सैल टेकलेली, ओळखीच्या माणसाने ठेवावीत तशी.

दुसरा फोटो, बाहेर पडतानाचा, बशारतने शेजारी ठेवला. त्यात हा माणूस नव्हता. म्हातारी होती फक्त.

"तीन बाराला हा आत गेला," बशारत म्हणाला. "आणि तूच म्हणालास, बाई तीन वीसला गेली."

 तसव्वुर वेगळाच हिशेब करत होता. घरातून थेट गेलो. वाटेत कुठे थांबलो नाही. म्हणजे हा गाडीत बसला तो माझ्या दारात.

दोन्ही फोटो त्यांनी ऑफिसच्या मागच्या अंगणात जाळले. त्या दिवसापासून तसव्वुर इस्पितळाची वर्दी घेत नाही, वृद्धाश्रमाची घेत नाही. आणि गाडी घरासमोर लावत नाही. दोन गल्ल्या सोडून, एका बंद दुकानापुढे उभी करतो आणि पाऊस असो, बर्फ असो, चालत घरी येतो. रोबिना चिडते, तो ऐकून घेतो. जागा मिळत नाही, एवढंच सांगतो.

मार्चमधली गोष्ट. संध्याकाळी तो भिजून आत आला. बूट काढून बेजींच्या खोलीत गेला. त्या जाग्या होत्या. थंडीभर त्यांचा आवाज खोल गेला होता, ऐकायला वाकावं लागे. खिडकीचा पडदा कुणीतरी हातभर सारला होता.

"आलास, पुत्तर?"

"आलो, बेजी."

"मग घाई कशाला करतोस रे?" त्या म्हणाल्या. "मला उठायला वेळ लागतो, तुला माहीत आहे. रोज दारात गाडी लावतोस... आणि हॉर्न वाजवत राहतोस."