अठराच्या जागी वीस

तुम्ही तिला पाणी दिलं नाहीत. पाण्यासारखं दिसणारं, पाण्यासारखं उकळणारं काहीतरी दिलंत आणि वर शेरा मारलात, "योग्य". हे आधी कबूल करा, मग पुढचं वाचा.

त्या लघुग्रहावरच्या तळावर दोनच माणसं होती. तळप्रमुख डॉ. कुंदा रणपिसे, अणुभौतिकीच्या. आणि यानतज्ज्ञ हणमंत वाघचौरे. ग्रह कोरडाठक्क. बर्फाचा खडासुद्धा नाही. म्हणून तुम्ही, पृथ्वीवरच्या मुख्यालयाने, त्यांना अणुजुळारी दिलीत. हे यंत्र खडकातले अणू फोडायचं, प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन सुटे करायचं आणि त्यांचं पाणी जुळवायचं.

तळावर एक रीत होती. येणाऱ्याने गावाकडचं बाटलीभर पाणी आणायचं आणि पुढच्या पाहुण्याचं स्वागत त्याच पाण्याने, गूळ-पाणी देऊन करायचं. कुंदाबाईंनी आपली बाटली हणमंतच्या स्वागतात संपवली. हणमंतची, मंगळवेढ्याच्या विहिरीची, तशीच बंद राहिली. पुढचा पाहुणा कधी आलाच नाही.

परतीच्या दिवशी यानाने स्वतःला हलका हिसका देऊन भार मोजला आणि उड्डाणाला नकार दिला. शंभर किलो जास्त.

"बाई, आठवण म्हणून दगड भरलेत काय पिशवीत?" हणमंतने विचारलं.

"माझ्याकडे बघून बोल. हाडं राहिलीत."

खरंच राहिली होती. दोघांनाही कितीतरी दिवस भोवळ यायची, हात कापायचे. तुमच्या डॉक्टरांनी त्याला एकटेपणाचा ताण म्हटलं होतं.

त्यांनी एकेक वस्तू यानातून उतरवून मोजली. सगळं बरोबर. उरली निद्राकक्षांभोवतीची टाकी. प्रवासभर माणसं झोपलेली असतात आणि हे ढालपाणी त्यांना किरणांपासून वाचवतं. आदल्याच दिवशी ती जुळारीच्या पाण्याने भरली होती.

"पाणी तर रेघेपर्यंतच आहे," हणमंत म्हणाला. "तेवढ्याचे नऊशे किलोच होतात."

"पाणी असेल तर." कुंदाबाई म्हणाल्या. "सांग, पाण्याच्या एका रेणूत प्रोटॉन किती?"

"आता परीक्षा घेताय? दहा. ऑक्सिजनचे आठ, दोन हायड्रोजनचे एकेक. इलेक्ट्रॉनही दहा, म्हणून प्रभार शून्य."

"न्यूट्रॉन?"

"आठ. सगळे ऑक्सिजनचे. साध्या हायड्रोजनला न्यूट्रॉन नसतो. दहा आणि आठ, वस्तुमान अठरा."

"आणि या खडकात प्रोटॉन-न्यूट्रॉन जवळपास सारखेच असतात. दहा प्रोटॉनांमागे दहा न्यूट्रॉन सुटणार. आठ लागले. राहिलेले दोन?"

मोकळे न्यूट्रॉन म्हणजे जीवघेणे किरण. ते अडवायला जाड भिंत लागते. ती भिंत तुम्ही पाठवलीच नव्हती.

"चिकटवले," तो म्हणाला. "प्रत्येक हायड्रोजनला एक."

"अणुक्रमांक ठरतो प्रोटॉनांवरून, तो बदलला नाही. न्यूट्रॉनला प्रभार नसतो, त्यामुळे एकूण प्रभारही शून्यच राहिला. जुळारीची तपासणी हे दोनच आकडे बघते. तिसरा, वस्तुमानाचा, बघतच नाही. अठराच्या जागी वीस! जड पाणी पितोय आपण, हणमंत. अंगात ते फार साठलं की पेशींची वाढ थांबते, माणूस मरतो."

"म्हणून गोडसर लागायचं होय? आणि मी म्हणायचो, आपल्या तळाला गुळाची गरजच नाही."

त्याने विहिरीच्या पाण्याची बाटली उघडली, पेलाभर ओतलं. कुंदाबाईंनी जुळारीच्या पाण्याचा बर्फ त्यात सोडला. त्या दुबळ्या गुरुत्वात खडा सावकाश गेला, पण तळाला गेला. साध्या पाण्याचा बर्फ तरंगला असता.

त्यांनी तुम्हाला कळवलं. बर्फाचं चित्रण पाठवलं. जुळारीच्या सूचनांना तुम्ही घातलेलं कुलूप उघडा, उरलेले न्यूट्रॉन पाण्याऐवजी टाकाऊ खड्यांत चिकटवू द्या म्हणून विनवलं. तुमचं उत्तर आलं. अणुक्रमांक जुळतो, प्रभार जुळतो, सबब पाणी योग्य. दोष नाही, त्यामुळे कुलूप उघडता येत नाही. ढालपाणी रेघेखाली नेऊ नये. भार जास्त असल्यास एक प्रवासी, त्याचा पोशाख व साहित्य कमी करावे.

"तुम्ही जा, बाई."

"तुला धड उभं राहता येत नाही. निद्राकक्षात काही प्यावं लागत नाही, तू वाचशील. तळप्रमुखाचा हुकूम आहे."

"हुकूम त्यांचे काय कमी होते, त्यात तुमचा!" तो चिडला. रडलाही. मग त्याने डब्यातून गुळाचा शेवटचा खडा काढला, पेल्याशेजारी ठेवला. "घ्या. आजपासून इथे तुम्हीच नवीन पाहुण्या."

यान गेलं. कुंदाबाईंच्या वाट्याचा भार टाकीतल्या न्यूट्रॉनांनी घेतला होता. पिणाऱ्याच्या पोटात जाताना ज्यांना तुम्ही मोजलं नाहीत, तेच यानात बसताना मोजलेत, आणि बाई उतरवलीत.

दुसरं यान पोचायला दोन वर्षं लागतील. ती कुणाशी बोलत नाही, कारण कुणी नाही. तहान लागली की जुळारीचं पाणी ओठांपुरतं घेते. विहिरीचं पाणी बाटलीत परत भरलंय. ते पीत नाही. दर सकाळी पेल्यात ओतून बर्फाचा नवा खडा त्यात सोडते, तो बुडताना टिपते, तुम्हाला पाठवते आणि वितळायच्या आत काढून घेते. खरं पाणी तिच्याकडे तेवढंच आहे. ते प्यायली तर एक दिवस मिळेल, पण पुरावा जाईल.

आजचंही चित्रण तुमच्यापर्यंत पोचलंय. कुलूप उघडायला तुम्हाला एक आज्ञा पुरे. ती अजून श्वास घेतेय. बर्फ पाण्यात बुडतो का? हो की नाही? उत्तर द्या.