रविवारची हिरवी रेघ

भाड्याने अवजारं देणाऱ्या त्या दुकानात पातळी दाखवणारं लेझर लेव्हलचं एकच मशीन उरलं होतं, आणि त्याच्या पट्ट्यावर एकाच वेळी दोन हात पडले. एक तिचा, सिमेंटने खरखरीत झालेला. दुसरा एका उंच, डोळ्यांखाली जाग्रण साचलेल्या माणसाचा.

"हे मी नेतेय," ती म्हणाली. "माझं मशीन दुरुस्तीला गेलंय."

"मला आजच हवंय. घरची फरशी बसवायची आहे."

"मिस्त्री आहात?"

"नाही... नर्स आहे. हॉस्पिटलात."

"अस्सं! मग तुमच्या पेशंटना सलाईन लावायला मी येऊ का?"

गल्ल्यामागचे काका खुदकन हसले. तो मात्र हसला नाही. "आई पडली त्या फरशीवर," तो खाली बघत म्हणाला. "खुबा मोडला. आता वॉकर घेऊन चालते, ताईकडे असते. तिला घरी आणायचंय."

तिचं हसू ओठांवरच विरलं. तिने मशीन खांद्याला लावलं. "घर दाखवा."

तिच्या वडिलांनी जन्मभर पाण्याच्या नळीने पातळी बघत लोकांच्या फरश्या बसवल्या होत्या. त्यांचे गुडघे गेले आणि काम तिच्याकडे आलं. नळीच्या जागी मशीन आलं, तेव्हा वडील म्हणाले होते, "पाणी खोटं बोलत नाही." ती म्हणाली होती, "उजेडही नाही, बाबा."

घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं. तिने पडदे ओढायला लावले, मशीन तिकाटण्यावर बसवलं आणि बटण दाबलं. अंधारात भिंतीभर हिरवी रेघ धावली... दरवाजा, कपाट, मागची खिडकी, सगळ्यांना एकाच उंचीवर शिवत. ती टेप घेऊन रेघेपासून जमिनीपर्यंत मापत गेली. दाराशी ठीक होतं. खिडकीच्या कोपऱ्यात जमीन दोन बोटं खाली गेली होती.

"कधी सुरू कराल?" त्याने विचारलं.

"इतक्यात नाही. हा कोपरा खचलाय. बाहेरून पाइप गळतोय, माती ओली आहे. आधी पाइप दुरुस्त करा. मग कोपरा अजून खाली जातोय का, ते काही आठवडे बघावं लागेल."

"काही आठवडे?" त्याचा आवाज चढला. "आई रोज विचारते, घरी कधी नेतोस म्हणून! तुम्ही वरून माल जाड टाका आणि सपाट करून द्या."

"देईन की. दिसायलाही झकास दिसेल. पण कोपरा पुन्हा बसला, तर फरशी उचकटेल... आणि वॉकरचा पाय नेमका तिथेच अडकेल."

त्याने पडदा सर्रकन उघडला. मग म्हणाला, "दुसरा मिस्त्री बघतो मी."

तिने मशीन आवरलं. वाटेत स्वतःला बजावलं, गेलं तर गेलं काम. पण त्याचा तो थकलेला चेहरा काही पाठ सोडेना.

त्याच आठवड्यात फोन आला. "पाइप बदलून घेतला," पलीकडून तो म्हणाला. मग थोडं थांबून, "चिडलो होतो... याल का?"

ती गेली. दाराच्या चौकटीपाशी पक्क्या भिंतीवर तिने पेन्सिलने एक खूण केली, कोपऱ्यात त्याच उंचीवर दुसरी. "दर रविवारी रेघ दाराच्या खुणेवर आणायची. कोपऱ्यातली खूण रेघेखाली गेलेली दिसली, तर घर अजून खचतंय."

मग रविवार ठरूनच गेला. पडदे ओढायचे, रेघ बघायची. दोन मिनिटांचं काम. पण चहा व्हायचा. मग गप्पा. तो तिला 'मिस्त्रीबाई' म्हणायचा, ती त्याला 'डॉक्टर' म्हणून चिडवायची. घरी वडील एकदा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पोरी, घर खचतंय ते त्यांचं की आपलं?"

एका रविवारी कप हातात धरून तो बोलला. "आई दुपारी पडली. मी ड्यूटीवरून रात्री आलो. तोवर ती तिथेच होती, जमिनीवर. दिवसभर मी दुसऱ्यांच्या आयांना कुशीवर वळवत होतो... आणि माझी..."

तिने कप त्याच्या हातातून काढून खाली ठेवला. तिचा हात मात्र त्याच्या हातावरच राहिला. दोघांनीही तो हलवला नाही.

पुढच्या रविवारी कोपऱ्यातली खूण रेघेच्या खाली दिसली. सुतभर, पण खाली.

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे अजून थांबायचं?"

"थांबावं लागेल," ती म्हणाली. आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला बरं वाटतंय. अजून काही रविवार... तिला स्वतःचीच लाज वाटली. तिकडे एक म्हातारी बाई लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर आपल्या घराची वाट बघत बसली आहे, आणि आपण हे काय मागतोय?

ती मशीन आवरायला वाकली. मग थबकली. मघाशी रेघ दाराच्या खुणेवर आणताना तो शेजारी येऊन उभा राहिला होता, काहीतरी विचारत होता. आपलं लक्ष खुणेवर कुठे होतं?

तशीच निघून गेली असती, तर कुणालाही कळलं नसतं.

"थांबा," ती म्हणाली. "पडदा पुन्हा ओढा. आणि... जरा लांब उभे राहा."

या वेळी श्वास रोखून तिने रेघ दाराच्या खुणेवर टेकवली. कोपऱ्यातली खूण बरोब्बर रेघेवर होती.

"चूक माझी होती. घर आता खचत नाहीये," ती म्हणाली. "उद्यापासून काम धरू."

तो आनंदला. पण पडदा उघडायला त्याने वेळ लावला.

जुनी फरशी निघाली, कोबा पडला, सुकला. रेघेला धरून एकेक टाइल बसली. ती रबरी हातोडीने ठोकत मागे सरकत होती, तो ड्यूटीवरून येऊन न सांगता बादल्या भरून देत होता. मधला उंबराही तिने काढून टाकला.

आई आली. वॉकर टेकत दारातून निघाली, वाटेत दोनदा थांबली, आणि खिडकीपर्यंत पोचली. तिथे, त्याच कोपऱ्यात उभी राहून तिने पायाने जमीन चाचपली. "इथे खड्डा होता ना रे?"

"आता नाही, आई." तो म्हणाला.

मिस्त्रीबाई बाहेर येऊन अवजारं गोळा करू लागली. मायलेकांमध्ये आपण कशाला? पण तो मागोमाग आला, उगाचच बादली उचलून उभा राहिला.

"तुम्हाला एक सांगायचंय," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "त्या रविवारी खूण खाली दिसली ना... तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुमची आई अडकली होती, आणि मला—"

"मला दर रविवारी वाटायचं," तो म्हणाला.

तिने मान वर केली.

"ड्यूटी संपवून आईला भेटायला जायचो. ती विचारायची, घराचं काय झालं? मी सांगायचो, अजून थांबायचंय. आणि जिना उतरताना मनात रविवार मोजायचो. सख्खी आई आहे माझी... सांग, असा कसा मी?"

'सांग' म्हणाला होता तो. दोघांनाही ते ऐकू आलं.

"माझ्यासारखाच," ती हळूच म्हणाली.

त्याने बादली खाली ठेवली. "येत्या रविवारी ये. मशीन न घेता."

"रविवारपर्यंत कशाला थांबायचं?"

"मग...?"

तिने सिमेंटचे हात ओढणीला पुसले, चपला दाराशी काढल्या.

"आईंना भेटते आधी," ती म्हणाली, आणि आत गेली.