ओली नाळ

वेळेवर मरणं ही शरीराची पहिली शिस्त, असं मी नर्सांच्या वर्गात सांगत असे. मूल जन्मलं की बेंबीवरच्या नाळेच्या तुकड्याचं काम संपतं. त्यातल्या पेशी मरतात, तो सुकतो, काळा पडतो आणि आठवड्याभरात गळतो. तो मेला नाही तर पोराला धोका. पोरी माना डोलवायच्या आणि माझी पाठ वळली की बहुधा हसायच्या.

१९३४ च्या उन्हाळ्यात केराबाई नावाची धनगर म्हातारी सोलापूरच्या आमच्या इस्पितळात आली. देगावच्या बाजूला त्यांची मेंढरं बसली होती. पदराखाली नातू होता. सून म्हाळसाबाई बाळंतपणातच गेली होती.

"किती दिवसांचा?" मी विचारलं.

"आवसंला झाला. आता पुनव झाली की."

मी फडकं बाजूला केलं. नाळेचा तुकडा ओला होता, निळसर पांढरा, आत्ताच कापल्यासारखा. वास नाही, पू नाही.

"दूध पितो?"

"शेळीचं बोळ्यानं पाजतोय. समदं भाईर टाकतंय."

पोर मात्र गुटगुटीत होतं. वॉर्डात ठेवून घेतलं, तिथेही दुधाचा थेंब पोटात राहिना आणि वजन वाढत गेलं. कोणी चोरून पाजतंय की काय म्हणून मी नर्सला पाळतीवर बसवलं. कोणी पाजत नव्हतं.

नाळेची कडा कातरून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कोमेजलेल्या, विरत चाललेल्या पेशी दिसायला हव्या होत्या. एकही तशी नव्हती. सगळ्या टवटवीत.

मग मी नाळेवर बोट ठेवलं. ती उडत होती. पोराचं काळीज चिमणीसारखं भरभर चालत होतं, नाळेचा ठोका संथ होता. दोन ठोके, मध्ये खंड, मग एक. मोठ्या माणसाचा, आणि तोही दुबळ्या काळजाचा. माझीच नाडी लागते आहे की काय म्हणून मी मनगट तपासलं. माझी तशी नव्हती.

"म्हाळसाबाईला छातीचा त्रास होता?"

केराबाईनं होकारार्थी मान हलवली. "चढ चढताना बसायची मधी. तुमाला कुनी सांगितलं?"

मी नाळेकडे बोट दाखवलं. तीच पुढे बोलली. "आमच्यात नाळंमागची वार पडल्याबिगर नाळ कापत न्हाईत. पन म्हाळसा डोळं फिरवाय लागली, आन बजाबाई सुईन घाबरली. कापली तशीच. वार पोटातच ऱ्हायली. तिच्यासंगं मातीत गेली." तिनं पोराकडे पाहिलं. "ती अजून पाजतीया, डाक्टर. तिला ठावंच न्हाई आपुन मेलोय त्ये."

मी चिडलो. म्हातारीवर नाही, त्या ठोक्यावर. नाळ मुळाशी बांधून कापून टाकतो म्हणालो.

"कापा की. मग खाईल काय?"

मी उचललेली कात्री परत ठेवली.

उपाय तिनंच काढला. मेंढीचं कोकरू मेलं तर त्याचं कातडं पोरक्या कोकराला पांघरतात, मग मेंढी त्याला आपलं समजून पाजते. "हितं उलटं करू, मेल्या आईचं कापड दुसरीला नेसवू," ती म्हणाली. म्हाळसाबाईचं बाळंतपणातलं लुगडं तिनं धुतलं नव्हतं, टाकलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी सून मायाक्का आली. तिची स्वतःची पाच महिन्यांची पोर अंगावर पीत होती. मी तिला नीट तपासलं. छाती स्वच्छ, नाडी भरलेली, अगदी एकसारखी. मग ती आडोशाला जाऊन ते डागाळलेलं लुगडं नेसून आली. खोलीत लोकरीचा आणि जुन्या रक्ताचा वास भरला.

पोरानं तोंड लावलं.

गिरणीचा दुपारचा भोंगा झाला, तरी ते पीतच होतं. माझं बोट नाळेवर होतं. दोन ठोके, खंड, एक. मग खंड लांबले.

मग काही नाही.

संध्याकाळपर्यंत तुकडा काळा पडला. काचेखाली पेशी मरत होत्या, जशा मरायला हव्या तशा. केराबाईला मी स्वतः चहा नेऊन दिला.

सकाळी त्यांना घरी सोडायचं होतं. मायाक्का न्हाऊन, आपलं लुगडं नेसून व्हरांड्यात पोराला पाजत होती. तिची पोर केराबाईच्या मांडीवर रडून रडून घोगरी झाली होती.

"तिला आईजवळ द्या की," मी म्हणालो.

"देऊन बघितली." केराबाईनं पोरीला घट्ट धरलं. "जाईना. बघूनच वरडतीया."

मायाक्कानं वर पाहिलंही नाही. मी तिचं मनगट हातात घेतलं.

दोन ठोके. खंड. मग एक.