आर्डेलाचे टाके

स्वयंपाकघराच्या दारात झेल्मा येऊन उभी राहिली, तरी आर्डेलाने हातातली इस्त्री खाली ठेवली नाही. चार वर्षांनी सख्खी धाकटी बहीण उंबऱ्याशी आली होती... अंगात चामड्याचं जाकीट, पायांत उंच बूट, आणि पुरुषी विजार! हिच्याचसाठी आर्डेलाने शिक्षिका होण्याची चालून आलेली संधी सोडली आणि गोऱ्या बायकांच्या चादरी धुण्यात तारुण्य घालवलं. काळ्या मुलीला विमान चालवणं शिकवायला अख्ख्या देशात कुणी तयार नव्हतं, म्हणून हिला समुद्रापार फ्रान्सला धाडलं. आता टेक्सासभर हिच्या नावाचा डंका वाजत होता!

"ताई, पंख फाटलाय," झेल्मा हळूच म्हणाली.

सकाळी कापसाच्या शेतात उतरताना पंख कुंपणाच्या तारेत अडकला होता आणि त्याचं कापड हातभर उसवलं होतं. गावातल्या मेकॅनिकने विमान कुणाचं ते पाहिलं आणि पाठ फिरवली. आज एकोणीस जून, काळ्यांचा गुलामीतून सुटल्याचा सण. चार वाजता झेल्माचं उड्डाण बघायला सारी वस्ती शेतालगतच्या मैदानावर जमणार होती, आणि काळ्या पोरीची फजिती बघायला गोरेही कुंपणापलीकडे येणार होते. इतकं बारीक शिवणारा हात गावात एकच होता.

"मी बहिणीसाठी येत नाहीये," आर्डेला सुई-दोरा घेत म्हणाली. "वस्तीचं हसं होऊ नये म्हणून येतेय."

पंखाशी दोघी समोरासमोर बसल्या. झेल्माने कापड ताणून धरलं, आर्डेला शिवू लागली. प्रत्येक टाक्यासरशी तिच्या मनात तेच जुनं शल्य सलत होतं. लांबची लेकरं पोचल्याशिवाय त्यांच्यात माती देत नसत. आई गेली तेव्हा झेल्मा फ्रान्सहून परतून न्यूयॉर्कला होती. तार केली, बर्फ आणून आणून आईला पाच दिवस राखलं... पण ही आली नाही! नंतर दोन ओळींचं पत्र आलं, येता आलं नाही म्हणून. लोक कुजबुजले, पोर मोठी झाली, घर विसरली. आर्डेलानेही तेच खरं मानलं.

"पाच दिवस," ती न राहवून म्हणाली. "सहाव्या दिवशी मला एकटीला माती लोटावी लागली."



"मी निघाले होते, ताई."

मग तिने खालमानेने सगळं सांगितलं. वाटेत गाडी बदलली, तर त्या गाडीला काळ्यांचा वेगळा डबाच जोडलेला नव्हता. वाट पाहिली असती तर दिवस गेला असता, म्हणून ती गोऱ्यांच्या डब्यात चढली. आर्कान्सामधल्या एका स्टेशनावर तिला ओढून उतरवलं आणि आठवडाभर कोठडीत डांबलं.

"मग लिहिलं का नाहीस गं मला?"

"आपला लूथरदादा तुरुंगात बेड्यांत खडी फोडता फोडता मेला. आईने आपल्याकडून शपथ घेतली होती, माझं दुसरं लेकरू तुरुंगाचं दार बघणार नाही म्हणून. तिला माती दिली तेव्हा मी गजांआड होते, ताई. हे तुला कुठल्या तोंडाने कळवू?"

आर्डेलाची सुई थांबली. इतकी वर्षं जिला मनातल्या मनात शिव्याशाप दिले, ती आईकडेच धावत निघाली होती... आणि आपण जगाचं ऐकलं, रक्ताचं नाही! पश्चात्तापाने तिचं काळीज पिळवटून निघालं. डोळे पुसून तिने कात्री उचलली, आणि घातलेले सारे टाके एकेक करून उसवायला घेतले.

"अगं, हे काय करतेस?"

"रागात घातलेत. सैल पडलेत."

तिने पहिल्यापासून पुन्हा शिवलं. दोघींनी मिळून वर पट्टी डकवली आणि उग्र वासाचं रोगण फासलं. ते वाळलं तेव्हा मैदान माणसांनी फुललं होतं. आर्डेलाने एप्रन सोडला आणि ती विमानाच्या खुर्च्यांपाशी जाऊन उभी राहिली.

"तू मागे बसून चालवतेस, पुढची खुर्ची रिकामीच असते ना?"

"ताई, तुला तर शिडीवरसुद्धा घेरी येते."

"टाके माझे आहेत," आर्डेला म्हणाली. "ते सुटले, तर तू एकटी पडायची नाहीस."

 झेल्माने ताईच्या कमरेचा पट्टा आवळला. विमान कापसाच्या शेतावरून धावलं, उसळलं आणि वर चढलं. खाली कोण टाळ्या वाजवतंय, कोण तोंड वाकडं करतंय, हे आर्डेलाने पाहिलंच नाही. इंजिनाच्या त्या गर्जनेत कुणालाही ऐकू जाणार नव्हतं... तिथे ती आईचं नाव घेऊन पहिल्यांदाच धाय मोकलून रडली.